औषध लागलं की लावलं?

दिलं

"याला काही औषध दिलंत का?" डॉक्टरांनी विचारलं.

तिघांनीही माना हलवल्या. औषध? छे. नाही दिलं. आणि गंमत अशी, की तिघंही खरं बोलत होते.

टेबलावर फौजदार आडवा पडला होता. फौजदार म्हणजे बोका. करड्या पट्ट्यांचा, रुंद जबड्याचा, घरी आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीची झडती घेणारा. आज त्याचा सगळा रुबाब उतरला होता. कान आपोआप फडफडत होते. ओल्या फरशीवर पाय पडावा तसा मागचा पाय सारखा झटकला जात होता. पाठीवरची कातडी तर अशी हलत होती, की तिच्याखाली दुसराच कुणी प्राणी राहायला आलाय आणि त्याला पलंग कुठे लावावा ते सुचत नाहीये.

फौजदार सासूबाईंचा. घर सासूबाईंचं. बायकोसुद्धा, तसं पाहिलं तर, आधी सासूबाईंचीच. बाहेरून आलेला तेवढा जावई. 'जागा मिळेपर्यंत' म्हणून तो इथे राहायला आला आणि मग जागा मिळाल्यासारखाच राहिला. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. हा ग्रह मात्र सासरच्या पलंगाच्या एका कडेला अंग चोरून फिरत होता, कारण पलंगाची ती बाजू त्याच्याही आधीपासून फौजदाराची होती. फौजदार तिथे झोपे. फौजदाराच्या पिसवाही तिथेच झोपत. त्या जावयाला चावत, फक्त जावयाला. त्यानं पायावरचे लाल ठिपके दाखवले, की सासूबाई कौतुकानं बघत आणि म्हणत, "आम्हाला नाही बाई चावत. रक्तारक्तात फरक असतो."

त्यामुळे जेवताना तो वरचेवर म्हणायचा, "या बोक्याचं एकदा काहीतरी केलं पाहिजे."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. आज ते जावयाच्या डोक्यावर टांगलेलं होतं, आणि ज्या दोरीला टांगलं होतं ती सासूबाईंच्या हातात होती.

मारलं

"दिलं नाही," सासूबाई म्हणाल्या, "पण मारलंय की!"

डॉक्टरांचा हात थांबला. "काय मारलंय?"

"औषध! परवाच घरभर मारून घेतलं. झुरळांचं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. बाई तरुण होत्या, पण डोळे मिटण्यात मोठा अनुभव दिसत होता. "चूक माझीच," त्या म्हणाल्या. "मी दर वेळी 'दिलं का' एवढंच विचारते. दिलं, पाजलं, लावलं, मारलं, फवारलं, शिंपडलं, टाकलं, घातलं. आपल्याकडे वाचवायलाही औषध आणि मारायलाही औषधच. बरं, कुठलं मारलं?"

"चांगलं होतं. उंची वास होता."

"नाव?"

"ते औषध मारणाऱ्याला माहीत."

जावयाच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. औषध मारणारा! त्याची तर आठवणच झाली नव्हती. "भरपूर मारलं हो," तो मधे पडला. "कपाटांत, सिंकखाली, पलंगाखाली. मी तेव्हाच म्हणालो होतो, हे जरा जास्त होतंय."

"कधी म्हणालास?" बायकोनं विचारलं.

"मनात."

डॉक्टरांनी फौजदाराच्या डोळ्यांत उजेड टाकला, छातीला नळी लावली, थर्मामीटर बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "जुळत नाही," त्या म्हणाल्या. "फवारणीतल्या काही विषांवर हमखास इंजेक्शन आहे. पण त्या विषात बाहुल्या टिंबाएवढ्या होतात, लाळ धो धो गळते, ठोके मंदावतात. याच्या बाहुल्या बघा, बशीएवढ्या. ठोके धावतायत. अंग तापलंय. उगाच ते इंजेक्शन दिलं तर ठोके आणखी धावतील. झटक्यांसाठी एक टोचते आत्ता, पण विष कुठलं आणि शिरलं कुठून ते कळल्याशिवाय हे बुडाला भोक असलेल्या बादलीत पाणी ओतणं आहे. त्या माणसाला फोन लावा."

बायकोनं फोन लावला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. फौजदाराची शेपटी त्याच्या शेजारी टपटपत होती.

"बोला मावशी!" फोनमधून उत्साह सांडला. "गेली ना झुरळं?"

"झुरळं गेली खड्ड्यात! माझा बोका चाललाय. काय मारलंस तू घरात?"

पलीकडचा उत्साह मावळला. "बोका? बोक्याला काय झालं?"

"मी डॉक्टर बोलतेय. औषधाचं नाव सांगा. लवकर."

"मॅडम, ते एकदम सेफ आहे. नैसर्गिक."

"नाव."

"नाव म्हणजे... मॅडम, हे आपल्यातच राहील ना?"

"फोन स्पीकरवर आहे," बायको म्हणाली.

"मेलो! मॅडम, फरशी पुसतात ना, त्यातला सुगंध आहे. चार थेंब. बाकी पाणी."

"आणि औषध?"

"औषध..." फोनमधला माणूस खाकरला. "औषध औषधालासुद्धा नव्हतं मॅडम."

फौजदाराची नखं तेवढी टेबलावर टिकटिक करत होती. मग सासूबाईंना कंठ फुटला. "म्हणजे मेल्या, वर्षानुवर्षं तू माझ्या घरात अत्तर शिंपडतोयस?"

"झुरळं बुजतात मावशी वासानं. दोन दिवस बाहेर येत नाहीत."

"तिसऱ्या दिवशी येतात!"

"तेव्हा तुम्ही मला बोलावता," तो म्हणाला, आणि यात आपली बाजू किती सरळ आहे ते त्याच्या आवाजात ऐकू येत होतं. "शिव्या घाला मावशी, पण बोक्याचा खून माझ्या नावावर नको. आपल्या हातून आजवर झुरळसुद्धा मेलेलं नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. इथे संन्यासीही चोर निघाला, पण भलत्याच चोरीतला, आणि ती कबूल करून फाशीच्या तख्तावरून हसत उतरला. तख्त रिकामं झालं. दोरी लोंबत राहिली. आणि खरा चोर थर्मामीटरकडे बघत, मांजर डोळे मिटून दूध पितं तसा, उभा होता.

(बारीक अक्षरांत)

जावई खोकी छापणाऱ्या छापखान्यात कामाला होता. खोक्यावर काय किती मोठं आणि काय किती बारीक, ते तो ठरवायचा. मालाचं नाव मोठं. फायदे त्याहून मोठे. चित्र सगळ्यांत मोठं. मग उरलेल्या जागेत, कडेला, घडीशी, गोंद लागतो तिथून किंचित वर, इशारे.

अशी कितीतरी खोकी हाताखालून गेल्यावर माणूस शहाणा होतो. मोठ्या अक्षरांतलं सगळं खोटं असतं आणि बारीक अक्षरांतलं सगळं वकिलांसाठी असतं, हे त्याला पक्कं कळलं होतं. त्यामुळे खोक्यावरच्या एकाही शब्दावर त्याचा विश्वास राहिला नव्हता. खानावळीचा आचारी जसा घरून डबा आणतो, तसा हा छापील शब्दापासून लांब राहायचा.

मध्यंतरी कुत्र्यांच्या पिसवांवरच्या औषधाचं खोकं आलं. चित्रात एक लठ्ठ, सुखी कुत्रा, जीभ बाहेर. जीभ इतकी लांब, की खालची 'मांजरांना वापरू नये' ही ओळ तिच्याखाली दबत होती. जावयानं कंपनीच्या माणसाला विचारलं, जीभ कापू का? कंपनीचा माणूस दुखावला. "जीभ म्हणजे आनंद हो! ती ओळ बारीक करा. ती काय, वकिलांची." जावयानं ओळ बारीक केली. मग आणखी बारीक केली. शेवटी मुंगीनं पाय पुसावेत एवढी झाली. कंपनीचा माणूस खूश झाला आणि नमुन्याची एक कुपी जावयाच्या टेबलावर ठेवून गेला.

ती कुपी काल सकाळी जावयानं मोडली.

फौजदार ताटलीत तोंड घालून बसला होता. जावयानं हिशेब केला: कुत्र्याला एक कुपी, म्हणजे बोक्याला अर्धी. मांजर म्हणजे तरी काय, न भुंकणारं लहान कुत्रंच. मानेमागे, जीभ पोचणार नाही अशा जागी, केस बाजूला करून त्यानं थेंब सोडले. सासूबाई रोज हाताला क्रीम चोळून उरलेलं बोक्याच्या पाठीला पुसत, तेव्हा आणखी थोडा तुकतुकीतपणा कुणाच्या डोळ्यांत येणार नव्हता. फौजदारानं मान वळवून त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खायला लागला.

त्या ओळीची आठवण झाली नाही? झाली की. पण ती ओळ किती बारीक होती हे त्यालाच तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. एवढ्या बारीक अक्षरांत कुणी खरं सांगतं का?

पिसवा मराव्यात, एवढीच त्याची इच्छा होती. त्या इच्छेच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी काही छापलं होतं का, ते त्यानं स्वतःही वाचलं नव्हतं.

लागलं

"आता घरात दुसरं काय आहे ते आठवा," डॉक्टर म्हणाल्या. "मला पोलीस व्हायचं नाहीये. दोनच गोष्टी हव्यात. पोटात गेलंय की अंगावर आहे? अंगावर असेल तर ताबडतोब धुवायला हवं, नाहीतर कातडीतून आत मुरत राहील. पण पोटात गेलं असेल आणि मी झटके येणाऱ्या बोक्याला पाण्यात घातलं, तर त्या धसक्यानंच तो जाईल माझ्या हातात."

सासूबाई आठवू लागल्या. बायको आठवू लागली. दोघी रंगापासून डांबरगोळ्यांपर्यंत पोचल्या. जावयाला आठवायचं काहीच नव्हतं, म्हणून त्याला घाम आला.

सांगावं, तर काय सांगणार? 'बोक्याचं काहीतरी केलं पाहिजे' हे वाक्य सगळ्या घरानं ऐकलेलं. आता 'मी केलं' म्हटलं, की वाक्य पुरं झालं. पिसवा कुणाला आठवणार आहेत? पलंगाची कडसुद्धा हातची जाणार. न सांगावं, तर... टेबलावर फौजदाराचा जबडा करकरला.

"अंगाला," जावई म्हणाला, "काहीतरी लागलं असेल."

"लागलं?"

"म्हणजे घासून. कुठेतरी."

"काय लागलं?"

"ते पिसवांचं असतं ना. थेंब."

"ते घासून लागत नाही हो. बंद कुपी असते, मोडावी लागते."

"मोडली असेल."

"कुणी?"

"पडून."

"कुठून पडली?" हा आवाज सासूबाईंचा.

"वरून."

"वरून म्हणजे? आभाळातून?"

"तू गप्प बसलास तरी चालेल," बायको कुजबुजली, "पण असं बोलू नकोस."

आपली भाषा मोठी मायाळू आहे. तिच्यात काच फुटते, दूध उतू जातं, पैसे संपतात, वेळ जातो, शब्द तोंडातून निसटतात. कुणी काही करत नाही, सगळं आपलं आपण होतं. जावयाचं सगळं आयुष्य असल्या क्रियापदांत आरामात गेलं होतं. नोकरी लागली होती. लग्न झालं होतं. सासूबाईंकडे राहणंही होऊन बसलं होतं. करणारा सापडेल असं एक वाक्य त्याच्या चरित्रात शोधून मिळालं नसतं.

डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. "लागलं," त्यांनी विचारलं, "की लावलं?"

त्याच वेळी फौजदाराला मोठा झटका आला. मान मागे गेली, चारही पाय ताठ झाले, आणि पुढच्या पंजाची नखं जावयाच्या बाहीत अडकली. सुटेनात. जावयानं हात ओढला, तर बोक्याचा थरथरता पाय बरोबर आला. तो धक्का बाहीतून दंडात, दंडातून दातांपर्यंत पोचला. नोकरीत नाही, संसारात नाही, पण शेवटी फौजदारानं त्याला पकडलं.

"लावलं," जावई म्हणाला. "मी लावलं. कुत्र्याचं औषध. मानेमागे, काल सकाळी."

सबंध वाक्य होतं. कर्ता होता, कर्म होतं, क्रियापद होतं. शाळेत असतं तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

धुतलं

डॉक्टर एका शब्दानं त्याला रागावल्या नाहीत. त्यांना वेळ नव्हता. झटका ओसरावा म्हणून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं, मग हातमोजे त्याच्याकडे फेकले. "चढवा. भांडी घासायचा पातळ साबण त्या मोरीवर आहे. पाणी कोमट. गरम नको, कातडी ते आणखी ओढून घेईल. गार नको, तो काकडेल. ज्यानं लावलं त्यानं धुवायचं. मी डोकं धरते."

जावयानं धुतलं. मानेमागे फेस केला, बोटांनी चोळला, पाणी सोडलं, पुन्हा फेस केला. भिजल्यावर फौजदार एवढासा झाला. सगळा दरारा केसांचाच होता म्हणायचा. खाली हाडं, आणि हाडांतून सुटणारी थरथर. त्या थरथरीनं जावयाचे हात कापत होते. की आपले आपण कापत होते, ते त्यालाही कळेना.

"दोघांत भिजलेलं मांजर कुठलं, ते सांगता येत नाहीये," बायको म्हणाली. तिचा आवाज चेष्टेचा होता. डोळे नव्हते.

सासूबाई टॉवेल छातीशी धरून उभ्या होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, मारायचं काय होतं? पिसवा की बोका?"

"पिसवा, आई."

"नक्की?"

या प्रश्नाचं उत्तर झटकन यायला हवं होतं. जावई फेसात हात बुडवून थबकला. आयुष्यात पहिल्यांदाच तो बारीक अक्षरं वाचत होता, आणि सवय नसल्यामुळे त्याला वेळ लागला.

"नक्की," तो म्हणाला.

"हं," सासूबाई म्हणाल्या, आणि टॉवेल पुढे केला.

फौजदाराला कोरडं केलं. धुण्यानं अंग गार पडलेलं, म्हणून गरम पाण्याच्या पिशव्या कापडात गुंडाळून ठेवल्या. पायाचे केस कातरून सलाईन लावलं, स्नायू सैल पडायचं औषध चालू केलं. हे औषध दिलं होतं. मारलं नव्हतं, लावलं नव्हतं.

"याचा उतारा काय, डॉक्टर?" बायकोनं विचारलं.

"उतारा नाही. धुवायचं, झटके आवरायचे, ऊब द्यायची आणि वाट बघायची. कुत्र्याचं शरीर हे विष मोडून टाकतं, मांजराला ते जमत नाही. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे." मग एकदम भडकून त्या म्हणाल्या, "एवढं खोक्यावर छापायला काय धाड भरते या लोकांना?"

"छापलंय," जावई म्हणाला.

"कुठे? मला तर कधी दिसलं नाही."

"छापलं गेलंय," जावयानं दुरुस्ती केली. "बारीक अक्षरांत."

एका दिवसात कर्त्यासकट दोन क्रियापदं त्याला झेपली नसती.

वाचलं

फौजदार वाचला. झटके विरळ झाले, मग नुसता कान उडू लागला, मग एका सकाळी त्यानं सलाईनची नळी चावली आणि डॉक्टर म्हणाल्या, "घेऊन जा आता याला." एका पायाचे केस कातरलेले, त्यामुळे बाही दुमडून कामाला निघाल्यासारखा तो घरी आला आणि थेट पलंगावरच्या आपल्या बाजूला जाऊन बसला. बाजू रिकामीच होती. जावई दिवाणखान्यात झोपत होता. कुणी सांगितलं नव्हतं. झोपणं झालं होतं.

शेजारणी बघायला आल्या. "काय झालं होतं हो याला?"

जावई स्वयंपाकघराकडे सरकू लागला. सासूबाई फौजदाराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "काही विचारू नका. आमच्या जावयांनी औषध लावलं त्याला. स्वतःच्या हातांनी."

"अगं बाई! केवढी माया!"

"तर काय," सासूबाई म्हणाल्या, आणि जावयाकडे बघून गोड हसल्या.

वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जावई ते खोडू शकत नव्हता आणि त्याखाली उभाही राहू शकत नव्हता. शेजारीण बदलली की तेच वाक्य पुन्हा यायचं, तेच हसू, तेच 'केवढी माया'. खुनाचा आरोप त्याला परवडला असता.

पिसवा मात्र होत्या तशाच होत्या. थेंब धुतले गेले, त्यांचं काय बिघडणार? त्या दिवाणखान्यातही आल्या. शेवटी डॉक्टरांनी मांजरांसाठीचंच औषध लिहून दिलं. सासूबाईंनी ते खोकं जेवणाच्या टेबलावर जावयासमोर ठेवलं, शेजारी आपलं भिंग ठेवलं आणि मांडीवर बोका घेतला.

"वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं. सगळं."

जावयानं वाचलं. नाव वाचलं, फायदे वाचले. घटक, प्रमाण, वजन, साठवण. मग खोकं आडवं केलं, घडी उलगडली, भिंग धरलं. बारीक अक्षरांपाशी त्याचा आवाजही बारीक झाला.

"मोठ्यानं."

"'फक्त मांजरांसाठी. अशक्त, आजारी व फार लहान पिल्लांना वापरू नये.'"

"बरं आहे. पण हे एवढं बारीक का मेलं?" सासूबाई कुरकुरल्या. "माणसानं वाचायचं कसं? ही अक्षरं अशी बारीक करतो तरी कोण?"

बायको पाणी पीत होती, ती थांबली. फौजदारानं मांडीवरून मान उचलून जावयाकडे बघितलं, कुपी मोडली त्या सकाळी बघितलं होतं तसंच.

"मी," जावई म्हणाला. "मी करतो. हे खोकं माझं नाही, पण ते कुत्र्याचं होतं. ती ओळ मीच बारीक केली."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "का?"

"जीभ आड येत होती, आई."

"कुणाची?"

"कुत्र्याची. चित्रातल्या. लांब होती."

सासूबाईंनी भिंग उचलून बाजूला ठेवलं. जावयाला वाटलं, आता बॅग भरायची.

"मग उद्या जाऊन कापा," त्या म्हणाल्या. "आणि कोणी कापली विचारलं, तर कापली गेली म्हणू नका. आता लावा हे."

जावयानं केस बाजूला केले, कुपी मोडली आणि थेंब सोडले. फौजदारानं ते मुकाट्यानं लावून घेतलं, मग उडी मारून खाली उतरला आणि जावयाच्या पायाला अंग घासत पलंगाकडे निघून गेला.

त्याच्या अंगावरची एक पिसू तेवढ्यात जावयाच्या घोट्यावर उतरली आणि कडकडून चावली. जावयानं ती चिमटीत धरली.

"मेली का?" बायकोनं विचारलं.

"मारली," जावई म्हणाला.